खबर आपल्या दारी

बालमित्रांनो,

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीचा चित्रकला स्पर्धेचा अर्ज राहून गेला. सूचना संकेतस्थळावर लागली होती. मी पाहिली तेव्हा मुदत संपलेली! ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा अजून आठवतो. नंतर कळलं, त्या संकेतस्थळाला ‘फीड’ होतं.

फीड म्हणजे काय? नव्या मजकुराची यादी. शीर्षक, दुवा आणि बहुधा तारीखही. संकेतस्थळ ती ठेवतं आणि ‘फीड रीडर’ ती अधूनमधून तपासतो. पेपरवाला कसा, आपण सांगितलेलेच अंक दारात टाकतो? अगदी तसंच!

सुरुवात सोपी आहे. आई-बाबांना सोबत घ्या आणि ‘फीडली’सारखा एखादा रीडर उघडा. आवडत्या संकेतस्थळाचा पत्ता त्यात टाका. फीड असलं तर बहुतेकदा रीडरच शोधून देतो. नारिंगी चौकोनात एक ठिपका नि दोन कमानी, ही फीडची खूण. सगळीकडे ती नसते हं!

एक गंमत सांगू? २००० साली ‘आरएसएस १.०’ हा फीडचा नमुना तयार झाला. तो करणाऱ्यांत अमेरिकेचा अ‍ॅरन स्वार्ट्झ होता, वय अवघं १४!

समाजमाध्यमांवर काय दिसावं, हे बहुधा यंत्र ठरवतं. इथे मात्र निवड तुमची. म्हणून हावरटपणा नको. पाचच फीड घ्या, पण रोज वाचा.

मग, पहिलं कोणतं घेणार?

तुमच्या बाई