ग्राईमची रेकॉर्ड नवीच घ्यावी

परवा एका मित्राचा फोन आला. गड्याने नुकताच टर्नटेबल घेतलाय, त्यामुळे ताप नवा नवा आहे. म्हणाला, "ग्राईमची एक ओरिजिनल व्हाइट लेबल मिळतेय, २००२ची. भाव ऐकून पोटात गोळा आलाय. घेऊ का?" मी म्हटलं, नको घेऊस. त्यावर जो काही चिडला! फोनवर त्याला नीट पटवता आलं नाही, म्हणून ही शनिवारची खर्डेघाशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्राईम म्हणजे २०००नंतर पूर्व लंडनच्या 'बो' आणि आसपासच्या वस्त्यांमधून निघालेलं संगीत. मिनिटाला साधारण १४० ठोके, खालून हादरवणारा बेस आणि वर तोंडाचा पट्टा सोडलेला एमसी. बऱ्याच पोरांकडे स्टुडिओ नव्हता, घरच्या पीसीवर फ्रूटीलूप्स होतं. (हॉस्टेल आठवलं ना?) ट्यून तयार झाली की थोड्या प्रती काढायच्या, लेबल कोरं पांढरं ठेवायचं आणि गठ्ठा घेऊन दुकानं गाठायची. रोमन रोडवरचं 'रिदम डिव्हिजन' त्यातलं गाजलेलं, ते २०१०मध्ये बंद झालं. बाकी प्रसार पायरेट रेडिओवर. 'रिन्स एफएम' १९९४ पासून विनापरवाना चालायचं, परवाना मिळाला २०१०मध्ये. त्याच्या संस्थापकांपैकी एक, डीजे स्लिमझी, याला तर एरियल लावण्यापायी २००५मध्ये त्या भागातल्या इमारतींच्या गच्चीवर जायलाच बंदी झाली होती!

आता मुद्दा. या जगात रेकॉर्ड ही जपून ठेवायची वस्तू नव्हतीच, ते हत्यार होतं. वायलीचं 'एस्किमो' घ्या किंवा म्युझिकल मॉबचं 'पल्स एक्स', दोन्ही २००२ची. त्यात गाणारं कुणी नाही. जागा मुद्दाम रिकामी सोडलेली, एमसीसाठी. आपल्या धंद्यातल्या लायब्ररीसारखंच की हे. एकाने लिहायची, बाकीच्यांनी त्यावर आपापलं उभं करायचं. एक्सटीसीच्या 'फंक्शन्स ऑन द लो' या जुन्या ट्यूनवर स्टॉर्मझीने २०१५मध्ये 'शट अप' म्हटलं आणि ती ट्यून जन्माला न आलेल्या पोरांनासुद्धा पाठ झाली. बरं, म्हणजे तेव्हा जेमतेम जन्मलेल्या.

अशी रेकॉर्ड प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवणं म्हणजे हातोडा घेऊन शोकेसमध्ये लावण्यासारखं आहे. आणि पैशाचं काय? जुन्या बाजारात तुम्ही कितीही मोजा, ज्याने ट्यून बनवली त्याला त्यातला छदामही मिळत नाही. सगळा विकणाऱ्याचा. या लोकांची कमाई आधीच अडवली गेलीय. २००५ पासून लंडन पोलिसांचा 'फॉर्म ६९६' होता. कार्यक्रमाआधी कलाकारांची माहिती पोलिसांना द्यायची, आणि ग्राईमच्या कितीतरी रात्री त्यात बुडाल्या. तो रद्द झाला २०१७ला. अशा लोकांची नवी रेकॉर्ड सरळ लेबलकडून घेतली, तर निदान काही पैसे तिथवर पोचण्याची शक्यता तरी असते.

मित्राचा मुद्दा अगदीच फोल नाही, हेही कबूल करतो. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला एकच ट्यून असली की खाचा ऐसपैस पडतात, आवाज दणदणीत येतो. जुन्या व्हाइट लेबलांची ती मजा खरीच. पण त्या रात्र-रात्र वाजवलेल्या असतात, झिजलेल्या. त्यामुळे रीइश्यू घेताना दोन गोष्टी बघा: मूळ निर्मात्याचा त्यात हात आहे का, आणि पलटल्यावर इन्स्ट्रुमेंटल मिळतं का. नुसतं जाड विनाइल आणि रंगीत तबकडी बघून भुलू नका.

मग घ्यायचं काय? सुरुवात डिझी रास्कलच्या 'बॉय इन द कॉर्नर'ने. २००३चा मर्क्युरी पुरस्कार त्याला मिळाला होता. मग टेरर डांजाचा 'ग्रेमलिन्झ', २००३ ते २००९ च्या इन्स्ट्रुमेंटल्सचा संग्रह, प्लॅनेट म्यूने २००९मध्ये काढलेला. रिकामी जागा म्हणजे काय ते यात कळतं. आणि जेएमईचा 'ग्राईम एमसी' (२०१९). हा पठ्ठ्याने आधी स्ट्रीमिंगवर टाकलाच नाही, ऐकायचा तर सीडी किंवा विनाइल विकत घ्या म्हणाला. माझ्या मते आमच्या वादाचं उत्तर त्यानेच देऊन ठेवलंय.

शेवटचं. बजेटचा एक तृतीयांश हिस्सा अशा माणसाच्या बारा इंचीसाठी ठेवा ज्याचं नाव तुम्ही कधीच ऐकलेलं नाही. नमुना आधी ऐका, आवडला तर लगेच घ्या, कारण प्रती मोजक्याच निघतात. इथे मागवताना टपालखर्च कधीकधी रेकॉर्डच्या तोंडात मारतो, तेव्हा दोघा-तिघांनी मिळून मागवा. फसाल अधूनमधून. पण २००२मध्ये 'एस्किमो' उचलणाऱ्याला तरी कुठे माहीत होतं, की हातात काय आलंय?

असो. मित्राला हा मजकूर पाठवलाय. उत्तर नाही. बहुतेक त्याने ती व्हाइट लेबल घेऊन टाकली :-)