पळसाचा पोपट, जास्वंदीची जादू आणि आजीचा गजरा

फाल्गुन लागला की आमच्या सावनेरच्या आसपास एक गंमत होते. आदासाच्या रस्त्याने जावे, तर परवापर्यंत वाळक्या काटक्यांसारखी उभी असलेली झाडे एकाएकी लाल-केशरी होऊन बसलेली असतात. अंगावर पान नाही, नुसती फुलेच फुले. पळस! नेमकी ह्याच दिवसांत शाळा सकाळची होते. मुले दुपारी घरी, बाहेर ऊन मी म्हणत असते, आणि जेवणे उरकली न उरकली तोच "आई, आता काय करू?" सुरू होते. मोबाईल हातात दिला की घर शांत होते, हे मला कळत नाही असे नाही. दिलाही आहे. पण संध्याकाळी त्याच मुलांची जी किरकिर ऐकावी लागते ती ऐकून वाटते, त्यापेक्षा दुपारी थोडा पसारा परवडला.

म्हणून ह्या वेळी फुलांचे काही उद्योग सांगते. बाजारातून काही आणायचे नाही. एकच अट आहे. मुलाने केलेले वाकडे असले तरी तुम्ही ते सरळ करायचे नाही. हे लिहायला सोपे आहे. माझे हात तर अजूनही शिवशिवतात.

पळसापासून सुरुवात करू. फुले झाडावरून ओरबाडू नका. खाली सडा पडलेला असतो, तोच पिशवीत भरून आणा. जमले तर एखादी पानांची डहाळी मागाहून, चैत्रात, आणून दाखवा. "पळसाला पाने तीनच" ही म्हण आपण येता-जाता वापरतो, पण मुलांनी ती तीन पाने मोजलेली नसतात. फुलाची एक पाकळी चोचीसारखी वाकलेली असते. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?" तेवढा धागा धरून मुलांना पोपट करायला द्या. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर पोपट काढायचा, अंगावर कुठल्याही हिरव्या पानांचे तुकडे पिसांसारखे एकावर एक चिकटवायचे आणि चोचीच्या जागी पळसाची वाकडी पाकळी. डोळ्याला तिखटमिठाच्या डब्यातला मिरा.

चिकटवायला खळ घरीच करा. एक चमचा मैदा थोड्या थंड पाण्यात आधी गुठळी राहू न देता कालवा, मग पाऊण कप पाणी घालून मंद आचेवर सारखे ढवळत शिजवा. चकाकी आली की उतरवा. ही खळ त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी तिला वास येतो. पोपटही फार टिकत नाही हे आधीच सांगून ठेवा. दोन-तीन दिवसांत चोच काळपट पडते. आमच्या धाकटीने पहिल्या वेळी "माझा पोपट म्हातारा झाला" म्हणून भोकाड पसरले होते.

उरलेल्या फुलांचा रंग करावा. विदर्भात होळीला हा रंग आपल्या आज्या-पणज्या करत आल्या आहेत. दोन ओंजळी फुलांचे काळपट देठ काढून टाका, तीन-चार तांबे पाण्यात पंधरा मिनिटे उकळा आणि रात्रभर तसेच झाकून ठेवा. सकाळी फडक्याने गाळले की पिवळाजर्द रंग मिळतो. चित्रासाठी हवा असेल तर तेच पाणी आटवून निम्मे करा. चिमूटभर खायचा सोडा टाकला की रंग केशरीकडे झुकतो. पूर्वी ह्यासाठी चुना घालत, पण मुलांच्या डोळ्यांत उडाला तर चुना फार वाईट. तो नकोच. पातेले जुने घ्या. कपड्यांचे म्हणाल तर सुती पांढऱ्या कपड्यावर पिवळट छटा राहते, तेव्हा धुळवडीला जुनेच घाला.

आता जास्वंदीची जादू. ही मी वर्गातही करून दाखवते, आणि मागच्या बाकावरची मुलेदेखील पुढे येऊन उभी राहतात. गणपतीला वाहतो ती लाल जास्वंद घ्या. पाकळ्या साध्या पांढऱ्या ड्रॉइंगच्या कागदावर घासायच्या. गुळगुळीत कॅलेंडरचा कागद घेऊ नका, त्यावर काहीच धरत नाही. मी एकदा तसे करून सगळ्या वर्गासमोर फजिती करून घेतली आहे. फूल लाल असले तरी कागदावर रंग उमटतो तो जांभळट. तो वाळू द्या. मग एका वाटीत लिंबाचा रस, दुसरीत पाण्यात कालवलेला खायचा सोडा, आणि दोन काड्यांना कापूस गुंडाळून केलेले बोळे. लिंबाने फूल काढले की ते गुलाबी उमटते, सोड्याने पाने काढली की ती हिरवट-निळी! एका फुलातून पूर्ण चित्र. फुलातला रंगच असा आहे की आंबटाशी गाठ पडली की एक रूप घेतो आणि सोड्याशी पडली की दुसरे. मुले पुढे प्रयोगशाळेत लिटमसचा कागद पाहतील, त्याचीच ही घरगुती बहीण म्हणा ना. निळ्या गोकर्णीची फुले गरम पाण्यात टाकून पेल्यात असाच खेळ करता येतो. निळे पाणी लिंबू पिळताच जांभळे-गुलाबी होते. थोरल्याने एकदा सगळे लिंबू त्यातच संपवले आणि रात्री पोह्यांवर पिळायला काही उरले नाही.

फुले दाबून ठेवण्याचा उद्योग सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. सदाफुली, गोकर्ण, बोगनवेल अशी पातळ पाकळ्यांची फुले घ्या. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर पाटा ठेवा, आणि पहिले तीन-चार दिवस कागद बदला. पंधरा दिवसांत वाळतात. गुलाब अख्खा दाबू नका, आतून बुरशी धरतो. मोगरा आणि पारिजातक तपकिरी पडतात. वाळलेल्या फुलांची शुभेच्छापत्रे मुलांनी केली की मामा-मावश्यांना पाठवायला होतात.

हार ओवणे सहा-सात वर्षांच्या मुलांनाही जमते. सुई नको. हिराच्या झाडूची काडी घ्या, तिच्या एका टोकाला दोरा बांधा आणि झेंडूच्या मधोमध टोचून सरकवा. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले ते आमच्या ह्याच सावनेरात. म्हणून त्या तारखेला मी वर्गातल्या मुलांकडून त्यांच्या फोटोसाठी असा हार करून घेते. हार एकीकडे जाड आणि दुसरीकडे बारीक होतो. मी तो तसाच घालते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. कण्हेर, विशेषतः पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, हिचे फूल-फळ-बी मुलांच्या हाती देऊ नका. ती विषारी असते. तिच्या बिया मुले खेळायला हौसेने गोळा करतात. धोतऱ्याचेही तसेच. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा सुजतो. आणि काहीही केले तरी शेवटी हात साबणाने.

राहिला गजरा. त्याची कृती माझी नाही, आमच्या सासूबाईंची आहे, आणि ती आमच्या घरात कशी आली ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मागल्या वर्षी असेच उन्हाळ्याचे दिवस होते. धाकटीने अबोलीची फुले दोऱ्यात कशीबशी गुंडाळून गजरा केला. गजरा कसला, गाठोडेच ते. माझ्या केसांत लावला, स्वतःच्या लावला, आणि तिसरा तुकडा घेऊन आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सासरे जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. धाकटीने फुले अंबाड्यात खोचली, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अगं, आजीला नको!"

"काहून?" तिने विचारले.

मला उत्तर आले नाही. मैत्रिणींनो, खरे सांगते, त्या उन्हाळ्याच्या आधीच मी आमच्या वर्गात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाची गोष्ट सांगितली होती. शिरोळ तालुक्यातल्या ह्या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. त्याच महिन्यात शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. मी हे फळ्यावर लिहून दाखवले होते. मुलींकडून टाळ्याही घेतल्या होत्या. आणि घरात "नको" म्हणणारी मीच. सासूबाईंनी तर चकार शब्द काढला नव्हता.

त्यांनी हात मागे नेला, फुले हळूच काढली. मला वाटले आता देवापुढे ठेवतील. त्यांनी ती धाकटीच्या हातात परत दिली आणि मनगट पुढे केले. "केसांत राहू दे पोरी. इथे बांध." धाकटीने तीन गाठी मारून बांधले. मग तेच हात पुन्हा सुपात. संध्याकाळी भाजीवाला आला तेव्हा त्या तशाच फाटकाशी गेल्या. मी स्वयंपाकघरातून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच मला दोरा मागितला. "तिचा गजरा सुटतो. शिकवते तिला." आणि भिंतीला टेकून, पाय पसरून, दोऱ्याचे टोक पायाच्या अंगठ्याला बांधून बसल्या. लग्नाआधी माहेरी त्या देवळासाठी रोज गजरे करत, हे मला त्या दिवशी कळले. बारा वर्षे ह्या घरात राहून.

तर कृती अशी. दोऱ्याचे टोक पायाच्या अंगठ्याला किंवा खुर्चीच्या पायाला बांधा म्हणजे दोरा ताणलेला राहतो. केळीचे सोपट मिळाले तर दोऱ्याऐवजी ते भिजवून, बारीक चिरून घ्या, त्याने फुलांचे देठ कापले जात नाहीत. ताणलेल्या दोऱ्यावर दोन कळ्या डावीकडे तोंड करून आणि दोन उजवीकडे तोंड करून ठेवा, देठांची मधे फुली होईल अशा. मोकळ्या दोऱ्याचा एक फास बोटांवर घ्या, तो देठांवरून घालून ओढा. फार जोरात ओढले की देठ तुटतात, सैल ठेवले की कळ्या गळतात. हा अंदाज पन्नास-साठ गाठींनंतर येतो. तोवर आधीच्या जोडीला खेटून पुढची जोडी लावत जायचे, एवढेच. लहान मुलांनी आधी अबोलीवर हात बसवावा. ती हलकी असते आणि दिवसभर कोमेजत नाही. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी, मिटलेल्या असतानाच तोडा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. संध्याकाळी त्या उमलतात, आणि गजरा करायला घेतला की वासाने घर भरते.

मागच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला धाकटीने आजीच्या हाताखाली अकरा गजरे केले होते. बायका बाहेरच्या खोलीत. सासूबाई नेहमीप्रमाणे आत, आंब्याची डाळ वाटत. मी त्यांना बाहेर या म्हटले नाही. म्हणावे की नाही, म्हटले तर आलेल्यांपैकी कोणाला काय वाटेल, ह्या विचारातच पन्ह्याचे पेले भरून संपले.

यंदा मी आधीच बोलले आहे. सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "पाहू." शेजारच्या गल्लीत दोघी जणी आहेत, त्यांनाही स्वतः जाऊन आमंत्रण दिले. एक "येते" म्हणाली. दुसरीने आधी माझ्याकडे आणि मग घरात सुनेकडे पाहिले, आणि काहीच बोलली नाही. नेहमी येणाऱ्यांपैकी एकीने मला बाजूला घेऊन "हे बरे दिसत नाही हो" असेही सांगितले आहे. ती येणार नाही असे दिसते.

मोगऱ्याच्या कळ्यांना आमच्या अंगणात पुरवठा कमीच पडणार, तेव्हा अबोली बाजारातून आणावी लागेल. धाकटीने वहीच्या मागच्या पानावर नावे लिहून काढली आहेत. गजरे चौदा. प्रत्येकाला बारा-पंधरा जोड्या लागतात. तुम्हीही करणार असाल तर दोऱ्याचे रीळ पांढरे घ्या, रंगीत दोऱ्याचा रंग ओल्या कळ्यांना लागतो.