म्हातारपण, ताण आणि ती बारीक पांढरी गोळी

"डॉक्टर, माझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात का हो?" हा प्रश्न आता मालेगावातही ऐकू येतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंची कृपा! माझं मत आधीच सांगून टाकतो. 'अ‍ॅड्रिनल थकवा' नावाचा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. वयानुसार या ग्रंथी बदलतात हे खरं, पण आमच्याकडे त्यांचं जास्त नुकसान वय करत नाही, गोळ्या करतात.

दोन्ही किडन्यांच्या माथ्यावर टोपीसारख्या या छोट्या ग्रंथी बसलेल्या असतात. ताण आला की त्या कॉर्टिसॉल सोडतात. साखर वाढते, बीपी सांभाळलं जातं, सूज आवरली जाते. एरवी हे संप्रेरक पहाटे चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास उतरतं. वय वाढलं म्हणून ते आटत नाही. उलट संध्याकाळची पातळी थोडी चढी राहते, चढउतार सपाट होतो आणि झोप उथळ होते. ज्यांनी उभा जन्म लूमवर रात्रपाळी केली, त्यांचं हे घड्याळ आधीच बिघडलेलं असतं.

आटतं ते डीएचईए नावाचं दुसरं संप्रेरक. ऐंशीपर्यंत ते तरुणपणीच्या १० ते २० टक्क्यांवर येतं. म्हणून त्याच्या गोळ्या 'तारुण्य परत' म्हणून विकल्या जातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात वृद्धांना त्या दोन वर्षं दिल्या, पण ना ताकद वाढली ना जगण्याची गोडी. पैसे वाचवा, शेंगदाणे आणा.

प्रतिकारशक्तीचा संबंध इथेच येतो. कॉर्टिसॉल तिचा ब्रेक आहे. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसते, नव्या पेशी कमी तयार होतात, म्हणून साठीनंतर नागीण उठते, लस कमी लागू पडते. त्यात सततचा ताण. १९९५ साली अमेरिकेत, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर छोटी जखम करून पाहिली. ती भरायला इतरांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी साठीची सून सारखी आजारी पडते, ती नाटक करत नसते.

आता त्या गोळीबद्दल. गुडघे धरले की चिठ्ठीशिवाय मिळणारी बारीक पांढरी गोळी, किंवा पुडीतलं 'पॉवरचं' औषध. दोन दिवसांत माणूस चालू लागतो, भूक लागते, डॉक्टर देव वाटतो. बऱ्याचदा त्यात स्टेरॉइड असतं, म्हणजे बाहेरून घेतलेलं कॉर्टिसॉलच. काही आठवडे ते मिळत राहिलं की आपल्या ग्रंथी काम सोडून देतात. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि संसर्ग लपतो, कारण तापच येत नाही.

कुणीतरी घाबरवतं आणि म्हातारा एका दिवसात गोळी बंद करतो. मग उलट्या, चक्कर, बीपी ७०. असे रुग्ण मी स्ट्रेचरवरून आलेले पाहिलेत. घरचे म्हणतात, "उन्हाने झालं असेल." तो ग्रंथींचा संप असतो, आणि वेळेत ओळखला नाही तर माणूस जातो.

स्टेरॉइड वाईट नाही. २०२० मध्ये आपलं गाव कोरोनाने होरपळलं, त्याच वर्षी जूनमध्ये सिद्ध झालं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोन वाचवतं. पण ऑक्सिजन न लागणाऱ्याला त्याचा फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, त्यात अनियंत्रित साखर आणि बेसुमार स्टेरॉइड ही दोन मोठी कारणं होती.

तर आजी-आजोबांना पुढच्या वेळी आणाल, तेव्हा उशीखालच्या सगळ्या पट्ट्या आणि पुड्या पिशवीत घालून आणा. मी रागावणार नाही. आपल्या मनाने चालू करू नका, आणि चालू असेल तर आपल्या मनाने बंदही करू नका. डोस हळूहळू उतरवायला काही महिनेही लागतात. मधे ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं, तर समोरच्या डॉक्टरला आधी या गोळीबद्दल सांगा.