त्याग वगैरे काही नाही!

पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी जाफराबादला परत आलो, बी.एड. केलं, आता तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि रात्री कथा लिहितो. यावर दोनच प्रतिक्रिया मिळतात. गावात विचारतात, "काहून सोडली रे एवढी नोकरी? शिक्षण वाया घालवलं!" पुण्याचे मित्र म्हणतात, "ग्रेट यार, केवढा त्याग!"

मला दोन्हींचा सारखाच राग येतो. कारण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच, की शिकवणं आणि लिहिणं ही काही खरी कामं नव्हेत. म्हणून एकाच्या मते मी वाया गेलो, दुसऱ्याच्या मते थोर झालो.

आधी 'वाया'चं बघू. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्रज्ञ होते. ती नोकरी सांभाळत त्यांनी नाटकं लिहिली. 'महानिर्वाण' १९७४चं, 'बेगम बर्वे' १९७९चं. १९९६ मध्ये नोकरी सोडून ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले आणि २००९ पर्यंत तिथे शिकवलं. त्यांचं शिक्षण वाया गेलं असं कोण म्हणेल? "अहो, पण त्यांचं नाव झालं!" म्हणजे नाव होईपर्यंत माणूस वाया, आणि झालं की लगेच द्रष्टा. हा कुठला हिशोब?

'त्याग' हा शब्द तर जास्त घातक. एकदा त्याग म्हटलं की पैसे द्यायला नकोत. माध्यमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला ८ हजार रुपये मिळत. त्या वर्षी त्याचे १८ हजार झाले. त्यावर तीन वर्षं काढायची. आणि शब्द बघा, पगार नाही, 'मानधन'! कथेलाही मानधनच, तेही मिळालं तर. पोट मानावर भरत असतं तर आणखी काय हवं होतं?

शिवाय त्याग कशाचा? आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले सदानंद देशमुख. त्यांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शेतकऱ्याचा उच्चशिक्षित मुलगा, पण द्यायला पैसे नाहीत म्हणून त्याला शिकवण्याची नोकरी मिळत नाही. असे एकनाथ आमच्या तालुक्यात गावोगाव आहेत. त्यांना जी नोकरी मिळता मिळत नाही, ती मी पत्करली याला त्याग म्हणणं ही त्यांची थट्टा आहे.

आणि मला हे जमलं ते काही मी धाडसी म्हणून नाही. सात वर्षांची शिल्लक होती, डोक्यावर शैक्षणिक कर्ज नव्हतं, वडलांची विहिरीची जमीन होती. हे न सांगता पोरांना "स्वप्नांचा पाठलाग करा" म्हणून भाषणं ठोकणाऱ्यांना माझा नमस्कार. कर्जाचा हप्ता स्वप्नाकडे बघून थांबत नाही.

तेव्हा मंडळी, कीव नको आणि हारतुरेही नकोत. शिक्षकाला पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार द्या, कथा छापली तर तिचे पैसे द्या. मग खुशाल हिशोब मागा. माझ्या वर्गातल्या पोरांना त्रैराशिक येत नसेल तर मला जाब विचारा. कथा फसली असेल तर तोंडावर सांगा.

कामाला काम म्हणा, एवढंच.