कोठडी ते कोर्ट

अभिप्रायासाठी आमच्याकडे येणाऱ्या गुन्हेकथांच्या पटकथांवर हल्ली पहिल्याच पानावर ‘स्लो बर्न’ लिहिलेले असते. पुढे धुके, सिगारेट आणि खिडकीबाहेर टक लावून बसलेला इन्स्पेक्टर. चाळीस पाने उलटली तरी तपास तसूभर हलत नाही.

अशा पटकथा लिहिणाऱ्यांनी वेट्रीमारनचा ‘विसारणै’ पुन्हा लावावा. 2015 मध्ये व्हेनिसला दाखवला गेलेला हा तमिळ चित्रपट कोइमतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांच्या ‘लॉक अप’वर बेतला आहे, आणि त्या कादंबरीमागे त्यांनी स्वतः गुंटूरच्या कोठडीत काढलेले दिवस आहेत. पोटासाठी गुंटूरला आलेली तमिळ पोरे बागेत झोपतात, त्यांतला पांडी किराणा दुकानात राबतो. पोलीस त्यांना उचलतात आणि मार सुरू होतो. कशाबद्दल, ते कोणी सांगत नाही. एका बड्या घरची चोरी आपल्या नावावर घालायची आहे, हे त्यांना बऱ्याच उशिरा कळते.

लेखकाने बारकाईने पाहायचे ते इथे. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, म्हणून ठाण्याला ती न्यायाधीशांसमोर वदवून हवी असते. मार, पोरांनी उपोषण केल्यावर फसवणूक, पुन्हा मार, सगळे त्यासाठी. कोर्टात ही पोरे काय बोलतील, या एका प्रश्नावर पूर्वार्ध तोललेला आहे. अटकेच्या नियमातही असेच नाट्य आहे. डी. के. बसू खटल्याच्या 1996 च्या निकालानुसार अटकेच्या कागदावर नातेवाईक किंवा परिसरातला प्रतिष्ठित माणूस साक्षीदार लागतो. परमुलखातल्या मजुराचे नातेवाईक कुठून आणायचे? प्रतिष्ठित म्हणावा तर मालक किंवा मुकादम, आणि ते ठाण्याशी कशाला वाकडे घेतील? नियम तंतोतंत पाळायला घेतला तरी प्रसंग उभा राहतो.

उत्तरार्ध कादंबरीत नाही; तो ठिगळासारखा वाटतो अशी तक्रार होते. मला ती पटत नाही. कोर्टात पोरांचे म्हणणे भाषांतर करून सांगणारा तमिळ इन्स्पेक्टर मुत्तुवेल (समुद्रकनी यांनी काय संयमाने केलाय!) त्यांच्याकडूनच ऑडिटर के. के.ला उचलून नेण्याचे काम करून घेतो. मग तमिळनाडूच्या ठाण्यात झाडलोट करताना राजकीय पैशाच्या व्यवहाराची बोलणी त्यांच्या कानावर पडतात. आधी खोटे आरोपी, आता नको असलेले साक्षीदार. भ्रष्टाचार दाखवायला पाकीट सरकवणारा हात लागत नाही. आतल्या खोलीतली घासाघीस आणि बाहेर केरसुणी घेतलेला माणूस पुरतो.

आपल्याकडे परप्रांतीय मजूर बहुधा पहिल्या भागात संशयित असतो आणि तिसऱ्यात प्रेत. त्याला बोली नसते, मजुरीचा दर नसतो. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला प्रत्येक मजुरास फोटोचे पासबुक देणे भाग पाडले होते. ते कोणाच्या कपाटात पडले आहे, एवढ्या शोधावर दोन भाग सहज निघतील.

यापुढे गुन्हेकथा पाठवताना अटकेचा प्रसंग पूर्ण लिहून पाठवा: कागद कोणत्या भाषेत होता, सही कोणी केली, आणि त्या दिवसाची मजुरी कोणी ठेवून घेतली.