खानदानी आजार झाकून ठेवू नका

"अब्बांना किडनीचा त्रास होता, चाचाही त्यातच गेले," असे आपल्या घरांत सहज बोलले जाते. पण रिश्त्याची बोलणी सुरू झाली की तोच विषय दाराआड जातो. रिश्ता मोडेल ही भीती खोटी नाही, हे आम्ही जाणतो. पण झाकलेला आजार थांबत नाही. फक्त तपासणी थांबते.

पॉलिसिस्टिक किडनी या आनुवंशिक आजारात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी होतात आणि वर्षानुवर्षे वाढत जातात. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. मोठेपणी दिसणारा हा प्रकार नात्यातल्या निकाहमुळे होत नाही. तान्ह्या बाळांत दिसणारा दुर्मीळ प्रकार मात्र दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतो; नात्यातल्या लग्नांत त्याचा धोका वाढतो.

तरुणपणी बहुधा काहीच जाणवत नाही, पण रक्तदाब आधीच चढू लागलेला असू शकतो. म्हणून घरात एकाला आजार निघाला की सज्ञान भावंडांनी व मुलांनी रक्तदाब मोजावा, डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनोग्राफी करावी. मूत्रपिंड द्यायला निघालेल्या भावाबहिणीची तपासणी तर आधी हवीच. मीठ कमी करावे, अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. आजार मुळापासून जात नाही. पण काही रुग्णांत त्याची वाढ मंदावणारे टोलव्हॅप्टन हे औषध आहे. रोजांबद्दल रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे.

डायलिसिसला शेजारी-शेजारी चार-चार तास पडून राहणारी माणसे एकमेकांना खूप शिकवतात: फिस्टुलाचा हात कसा जपावा, पाणी मोजून कसे प्यावे, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी कोणते कागद न्यावेत. भीती कशी सोसावी, हे तर सोसलेल्यानेच सांगावे. मग हे बोलणे डायलिसिसच्या दहा वर्षे आधी आपल्या बैठकीत का होऊ नये?

येत्या ईदला खानदान जमेल, तेव्हा एका कागदावर लिहा: कोणाला आजार होता, रक्तदाब कितव्या वर्षी वाढला, डायलिसिस कधी लागले. त्याची एक प्रत सासरी गेलेल्या मुलींनाही द्या. वारसा त्यांच्याकडेही गेलेला असू शकतो.