विश्लेषण : गेममध्ये तलवार बाळगली तरी चालते, सोलापूरच्या रस्त्यावर का नाही?

वाढदिवसाला तलवारीने केक कापला, व्हिडिओ स्टेटसला ठेवला आणि पोलीस दारात आले. सोलापूरसह राज्यातल्या अनेक शहरांतून अशा बातम्या आमच्या डेस्कवर वरचेवर येतात. 'कुणाला मारलं तर नाही ना?' ही त्यावरची ठरलेली प्रतिक्रिया. हा समज कुठे चुकतो?

गेममधला नियम काय?

इंजिनीअरिंगला असताना होस्टेलवर आम्ही निव्वळ मजकुरावर चालणारे रोलप्लेइंग गेम खेळायचो. चित्र नाही, आवाज नाही, फक्त शब्द. अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या अशा गेमची वाट १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात तयार झालेल्या 'मड'ने घालून दिली. यात 'इन्व्हेंटरी' टाइप केले की जवळच्या वस्तूंची यादी येते. तलवार त्या यादीत आहे तोवर ते फक्त ओझे. 'ड्रॉ' किंवा 'वील्ड' लिहिले की ती हातात येते आणि समोरचा सावध होतो. बाळगणे आणि उपसणे या दोन वेगळ्या कमांड आहेत आणि खरा परिणाम दुसरीचाच.

कायदा काय म्हणतो?

इथे पहिल्याच कमांडला गुन्हा घडतो. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि २०१६ च्या नियमांनुसार तलवार, खंजीर, भाला, तसेच ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा सुरा शस्त्रात मोडतो. अशी शस्त्रे विनापरवाना बाळगल्याचे गुन्हे महाराष्ट्रात कलम ४ आणि २५ खाली नोंदले जातात. शिक्षा किमान एक, कमाल तीन वर्षे कैद आणि दंड. तलवार म्यानात होती, गाडीच्या डिकीत होती, हा बचाव नव्हे. उपसून धमकावले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ वेगळे लागते. रीलमुळे तर पुरावा आपणच तयार करून देतो.

मग ऊसतोडीचा कोयता?

घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारे या व्याख्येतून वगळली आहेत, नाहीतर निम्मा जिल्हा आरोपी झाला असता! शीख बांधवांच्या कृपाणाला राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ चे संरक्षण आहे. पण सण, मोर्चे, निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. अशा आदेशाने सार्वजनिक ठिकाणी लाठीकाठी नेण्यावरही बंदी घालता येते. काही गेममध्ये 'शांत खोली' असते. तिथे हल्ला करता येत नाही, शस्त्र मात्र जवळ राहते. कलम ३७ त्याहून कडक आहे.

नुकसान कुणाचे?

बहुतेकदा विशीतल्या पोरांचे. अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. अठरा पूर्ण झालेल्याचा गुन्हा मात्र पासपोर्ट आणि नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत समोर येतो. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्यांनी पंधरा सेकंदांच्या रीलआधी एवढे तरी पाहावे.

घरात आजोबांची तलवार असेल तर? परवान्याची चौकशी शहरात पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात करता येते.